दुपट्ट्याखालचा लॅपटॉप

माझे बाबा चारचौघांत जितक्या मोठ्यानं बोलत, तितकं कमी खरं बोलत. खरं ते दुपट्ट्याखाली बोलत. दारव्ह्याच्या बाजारात ते कापसाचे दलाल होते. म्हणजे कापूस त्यांचा नाही, पैसा त्यांचा नाही, गाडीही त्यांची नाही. विकणारा आणि घेणारा यांच्या मधोमध उभं राहून दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटायला लावायचं, एवढा त्यांचा धंदा. बाजार समितीनं उघडा लिलाव कधीच आणला होता, पण जुने व्यापारी आणि जुने दलाल हौस म्हणून, आणि थोडं सवयीनं, अजून हातावर भाव करत. खांद्यावरचा दुपट्टा काढायचा, दोघांच्या हातांवर टाकायचा आणि आत बोटं धरायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पंजा धरला की पाच; ते शेकडे की हजार, हे ज्याचं त्याला ठाऊक. वरून मात्र दोघं एकमेकांना शिव्या घालत, देवाची शपथ घेत, उठून जायचं नाटक करत. मी सहा-सात वर्षांची असताना बाबा जेवताना आईच्या पदराखाली माझा हात धरून मला हे शिकवत. "किती?" "तीन." "मंग तोंड काहून असं केलं? तीन भेटले तं तोंड एकचं पायजे." माझी पहिली नाट्यशाळा ती. मी पुढं आयुष्यभर जी काही सोंगं केली, त्यांचं मूळ त्या पदराखाली आहे.

या बोटांच्या बोलीला दोनच नियम होते. दुपट्ट्याखाली हात असताना तिसऱ्यानं बोलायचं नाही, अगदी दुकानाला आग लागली तरी. आणि हात एकदा दाबून सोडला की सौदा झाला. मग माल भिजलेला निघो, सडलेला निघो, माघार नाही. माल पाहायचा तो आधी. बाबा कापसाची चिमूट घेऊन दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरत आणि ओढत. धागा किती लांब निघतो ते डोळे मिटून सांगत. चिमूट ओढली म्हणजे माल पाहिला. माल पाहिला म्हणजे आता हात.

आमचं घर जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीच्या, मागच्या गल्लीत होतं. हंगामात सकाळपासून जिनिंगची घरघर चालायची आणि तिची इतकी सवय की रविवारी ती बंद असली की आम्ही उगाच मोठ्यानं बोलायचो. हवेत कापूस उडे. आईच्या पापडांवर कापूस, भांड्यांच्या फळीवर कापूस, देवाच्या डोक्यावर तर कायमच थोडा. चांगला सौदा झाल्याच्या दिवशी बाबा गरम जिलेबीचा पुडा आणत आणि सौद्याचा सगळा प्रयोग अंगणात करून दाखवत. सेठ पण तेच, शेतकरी पण तेच, आणि मधला दलालही तेच. आई चुलीपुढून म्हणायची, "एवढं बाजारात बोलले असते तं आज मोटार असती." पण मी सांगते आहे त्या दोन-तीन वर्षांत जिलेबी बंद झाली होती. कापूस यायचा, भाव यायचा नाही. एक जिनिंग बंद पडलं, मग दुसरं. घरघर आता नुसती रविवारी नाही, रोजच थांबली. आमच्याकडे रोज आंबट वरण, ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. भाजी असली तर अंबाडीची. बाबा त्या दिवसांत बाजारात कमी आणि खेड्यांवर, शेतकऱ्यांच्या घरी मयताला, बसायला जास्त जात. त्यासाठी एक पांढरा सदरा वेगळा काढून ठेवला होता. तो आठवड्यातून दोनदा धुवावा लागे. आई तो दोरीवर टाकताना कुणाचं नाव विचारत नसे आणि बाबाही सांगत नसत.

आता यात लिनक्स कुठून आलं? रफिकभाईंमुळे आलं. रफिकभाई मूळचे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे. टीव्ही दुरुस्तीला येईनात तेव्हा त्यांनी त्याच गाळ्यात पाच जुने कॉम्प्युटर लावून क्लास काढला. ते कॉम्प्युटर दर पंधरा दिवसांनी व्हायरसनं आजारी पडत. शेवटी वैतागून त्यांनी पाचही यंत्रांवरची जुनी सिस्टिम काढून लिनक्स टाकलं. फुकट, आजारी न पडणारं, आणि आत उघडून बघू देणारं. मेकॅनिक माणसाला अजून काय हवं? "बेटा," ते म्हणायचे, "जिसका बोनट खुलता नहीं, वो गाडी मले नाही पायजे." मी बी.ए. करून घरी बसले होते. त्यांच्याकडे जाऊन जाऊन मी सॉफ्टवेअरमधले शब्द मराठीत करायला शिकले. पुण्यातले काही लोक हेच काम करत. मी त्यांना रफिकभाईंच्या इंटरनेटवरून कामं पाठवत गेले, आणि एके दिवशी त्यांचं पत्र आलं. या, नोकरी देतो. अट एकच. संस्था लहान आहे, यंत्र देऊ शकत नाही. लिनक्स नीट चालणारा स्वतःचा लॅपटॉप घेऊन सोमवारी हजर व्हा. सोमवारी नाही आलात तर दुसरं नाव तयार आहे.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी स्कूटर विकली. स्कूटर गेली तिथं अंगणात तेलाचा एक गोल डाग राहिला. आई रोज त्यावरून शेणाचा हात फिरवायची आणि तो रोज वर यायचा.

जे आलं त्यात नवा लॅपटॉप येणं शक्यच नव्हतं. यवतमाळला नागपूरच्या ऑफिसांतून निघालेले जुने लॅपटॉप विकणारं एक दुकान होतं. रफिकभाईंनी मला कागद लिहून दिला, जो मी आजही घडीच्या जागी फाटलेला जपून ठेवला आहे. वेग पाहू नको. चमक तर मुळीच पाहू नको. ऑफिसातला काळा, जाड, कुरूप असेल तो घे, कारण त्याच्यावर जगभरच्या लिनक्सवाल्यांनी आधीच डोकं फोडलेलं असतं. ही सीडी टाक, तिच्यावरूनच चालू कर. वायरलेस दिसतं का पाहा, आवाज येतो का पाहा, झाकण लावून उघड आणि जागा होतो का पाहा. हे सगळं झाल्यावरच भावाचं बोल. शेवटच्या वाक्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या. आज लोक मला विचारतात, कमी पैशांत लिनक्ससाठी कुठला लॅपटॉप घ्यावा, आणि मी मोठ्या पंडिताचा आव आणून जे सांगते, ते सगळं त्या कागदावरचं आहे.

गुरुवारी आम्ही जीपनं यवतमाळला गेलो. अकराजणांच्या जीपमध्ये एकोणीस जण, बाबा दारात अर्धे बाहेर, आणि तरी संपूर्ण जीपशी गप्पा चालू. दुकानात शिरलो आणि बाबा उंबऱ्यातच थबकले. काउंटरच्या मागं कोपऱ्यात, कॉम्प्युटरच्या खोक्यांमध्ये पांढरी गादी घालून एक म्हातारे सेठजी बसले होते.

"वामनभाऊ!" सेठजी ओरडले.

"सेठजी! तुमी अजून जित्ते?"

"तुया दलालीची बाकी दिल्याबिगर मी कसा मरू?"

दोघं एकमेकांच्या गळ्यातच पडायचे बाकी होते. हे सेठजी पूर्वी कापसाचे मोठे खरेदीदार. बाबांनी त्यांच्याशी शेकडो सौदे केलेले. कापसाचा धंदा बसल्यावर मुलानं गोदाम विकून हे दुकान टाकलं होतं. मुलगा आत कुठंतरी कुणाचं यंत्र दुरुस्त करत होता. सेठजींनी पोऱ्याला चहा सांगावा तशा थाटात दोन लॅपटॉप काउंटरवर ठेवायला लावले. एक चंदेरी, पातळ, नवरदेवासारखा. दुसरा काळा, जाड, कोपऱ्यात खरचटलेला.

मी चंदेरी आधी घेतला तो फक्त तो जवळ होता म्हणून. सीडी टाकली, बटण दाबलं. सीडीवरून चालू व्हायला त्या काळी चांगली चार-पाच मिनिटं लागत. सीडी घरघरायला लागली. बाबांनी मान वर करून तो आवाज ऐकला, चंदेरी झाकणावरून अंगठा फिरवला, डोळे मिटले.

"माल पायला?" त्यांनी मला विचारलं.

"पाहून राह्यली, बाबा."

झालं. त्यांच्या हिशेबी चिमूट ओढली गेली होती. पोरीनं सीडी टाकली म्हणजे माल पाहिला, माल पाहिला म्हणजे हात. मी पडद्याकडं पाहत होते. मागं वळले तेव्हा बाबांच्या खांद्यावरचा दुपट्टा त्यांच्या आणि सेठजींच्या हातांवर पडलेला होता.

काय प्रयोग झाला तो! मी पुढं पुण्यात पुष्कळ नाटकं पाहिली, तिकीट काढून, पण तसलं काही पाहिलं नाही. सेठजी म्हणत, "माया नातवाच्या तोंडातला घास काढून राह्यला तू!" बाबा म्हणत, "हे डबडं मी ढोरायच्या बाजारात नेलं तं ढोरं हासतीन!" एकदा बाबा खरोखर उठले, पण हात दुपट्ट्यातच, त्यामुळे वाकून उभे. सेठजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हसण्याचं की कशाचं मला सांगता येणार नाही. दोन गिऱ्हाइकं थांबून बघत होती. त्या हंगामात बाबांच्या हाताला एकही सौदा लागला नव्हता, हे मला माहीत होतं. त्यांचा चेहरा मी कितीतरी दिवसांनी असा उजळलेला पाहत होते.

आणि इकडं माझ्यासमोर पडदा उजळला. मी वायरलेसची यादी उघडली. यादी रिकामी. यंत्राला वायरलेसचं अंगच सापडत नव्हतं. झाकण लावून उघडलं. पडदा काळा तो काळाच.

मला बोलायचं होतं. तोंड उघडलंही. पण दुपट्ट्याखाली हात होते. तिसऱ्यानं बोलायचं नाही. आणि नियमाचं काय घेऊन बसलात, खरं सांगते, मला तो चेहरा विझवायचा नव्हता. रफिकभाई काहीतरी करतील, असं मी मनाला म्हणाले. तेवढ्यात बाबांनी हात दाबून सोडला.

घरी जाताना बाबांनी जिलेबी घेतली.

शुक्रवारचा सगळा दिवस आणि शनिवारची सकाळ रफिकभाई त्या चंदेरी नवरदेवापुढं बसले. दुसऱ्या सिस्टिमसाठी लिहिलेला वायरलेसचा ड्रायव्हर लिनक्समध्ये घुसवून पाहिला, यंत्र गोठलं. पुन्हा केलं, पुन्हा गोठलं. "बेटा, चिपच अशी आहे, इसका दरवाजा अंदर से बंद है," ते म्हणाले. पुण्याच्या लोकांना मी विचारलं. ते म्हणाले, आमच्याकडे इंटरनेट वायरलेसनंच आहे, असं यंत्र चालणार नाही. आज ही अडचण बाहेरून खोचायच्या, बोटाएवढ्या एका वायरलेसच्या पट्टीनं सुटते. तेव्हा लिनक्सला चालणारी तशी पट्टी आख्ख्या यवतमाळात रफिकभाईंना मिळाली नाही.

शनिवारी दुपारी जेवताना मी सांगून टाकलं. ते चालत नाही हे सांगितलं, आणि मला हे दुकानातच कळलं होतं हेही.

बाबांचा घास हातात राहिला. "मंग बोलली काहून नाही?"

"तुमचा हात दुपट्ट्यात होता."

त्यांनी घास परत ताटात ठेवला. मग मान हलवली. "बरोबर आहे तुयं. हातात हात असला तं बोलाचं नसते."

मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"बदलून आना," आई म्हणाली.

"हात दिला म्या."

"हात दिला, पोट्टी नाही दिली." आईनं त्यांच्या ताटात आणखी वरण वाढलं. "सोमवारी ते नाही गेली तं आपल्यासंगच राह्यते. या घरात. पाहून घ्या मंग."

तिनं एवढंच म्हटलं, पण तिच्या बोलण्यात सगळं होतं. बंद जिनिंग होतं, अंगणातला डाग होता, आणि तिशी आली तरी त्याच चुलीपुढं बसलेली मी होते.

बाबा उठले. अंघोळ केली, दुपारी दोन वाजता. आणि बसायला जायचा तो पांढरा सदरा घातला.

यवतमाळपर्यंत जीपमध्ये त्यांचे ओठ हलत होते. काय बोलायचं त्याची तालीम चालली होती. तीस वर्षांत त्यांनी एकही सौदा मोडला नव्हता. दलालाजवळ दुसरं असतं काय? ज्यानं हात दिला आणि फिरवला, त्याच्या दुपट्ट्याखाली पुन्हा कुणी हात घालत नाही. हे मला कळत होतं, आणि तरी माझ्या मनात एकच विचार होता, की काळा लॅपटॉप विकला गेला नसेल ना. त्या वयातलं मन असं असतं. आजही ते फारसं सुधारलं आहे असं नाही.

गादी रिकामी होती. सेठजी लेकीकडं नागपूरला गेले होते. काउंटरवर त्यांचा मुलगा होता, कानाला मोबाइल. बाबांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवला आणि मान खाली घालून, एखाद्याच्या घरी मयताला गेल्यावर बोलावं तसं बोलले.

"मी वामन, दारव्ह्याचा. तुमच्या वडलाले म्या हात दिला होता. मी तो सौदा मोडाले आलो. पायजे तं चारचौघांत सांगा. माही ना नाही."

मुलानं मोबाइल खाली घेतला. "बिल आहे नं, काका?"

"बिल?... हो."

"मंग काय टेन्शन. सात दिवसांत बदलून देतो आपन. दुसरा कोनता पायजे?"

बाबांना वाटलं त्याला समजलं नाही. ते पुन्हा म्हणाले, "तसं नाही. म्या हात दिला होता. दुपट्ट्याखाली."

मुलगा हसला. वाईट नव्हता तो. खरंच प्रेमानं हसला. "काका, बाबा तं सगळ्यायलेच हात देते. घरी त्यायचं मन नाही लागत, म्हनून बसवतो इथं. भाव मी आधीच सांगून ठेवला असतो त्यायले, एवढ्याच्या खाली नका उतरू म्हनून. हे पाहा." त्यानं लॅपटॉप उलटा केला. बॅटरीच्या बाजूला एक छोटी चिठ्ठी चिकटवलेली होती, आणि तिच्यावर पेन्सिलनं एक आकडा. बाबांनी चष्मा लावला, आकडा वाचला. तो त्यांनी दुपट्ट्याखाली ओढून, रडवून, उठून-बसून मिळवलेला आकडा होता. तोच. एक रुपया कमी नाही, जास्त नाही.

बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "चांगलं आहे," ते म्हणाले. "सोपं झालं."

काळा लॅपटॉप तिथंच होता. मी सीडी टाकली. या वेळी बाबा माझ्या शेजारी उभे राहिले, दोन्ही हात मागं बांधून. वायरलेसच्या यादीत शेजारच्या दुकानाचं नाव आलं. आवाज आला. झाकण लावलं, उघडलं, आणि पडदा असा लख्ख जागा झाला की मी दुकानात टाळी वाजवली. काळा स्वस्त होता; मुलानं फरकाच्या पैशांत एक बॅग आणि एक माउस दिला आणि पुन्हा मोबाइल कानाला लावला.

सोमवारी मी पुण्यात हजर होते. त्या काळ्या डबड्यानं मला सहा वर्षं पोसलं, त्या संस्थेपेक्षाही जास्त टिकलं. पुढच्या हंगामात बाबांनी दलालीचा परवाना नवा करून घेतला नाही. आईनं कारण विचारलं तर म्हणाले, कापूसच नाही. कापूस होता. पण ते सगळं नंतरचं.

त्या शनिवारी परतीच्या जीपमध्ये आम्हाला मागं जागा मिळाली. लॅपटॉप माझ्या मांडीवर. समोर बोरीअरबला उतरणारे एक पागोटेवाले आजोबा होते. त्यांनी बॅगेला बोट लावून पाहिलं आणि आपल्याकडं सगळे विचारतात तसं विचारलं, "केवढ्याले पडलं हे, भाऊ?"

जिल्ह्यातल्या कुठल्याही वस्तूचा भाव ज्यांना विचारावा, त्यांना हा प्रश्न होता. एरवी बाबांनी वस्तू मांडीवर घेऊन अर्धा तास प्रयोग केला असता.

"मले नाही माहीत," बाबा म्हणाले. "पोरीले इचारा."

आजोबांनी माझ्याकडं पाहिलं. मग जीपमधल्या सगळ्यांनीच पाहिलं. मी घसा खाकरला आणि सुरू केलं. सेठजी कसे गादीवर बसले होते, माझ्या बाबांनी दुपट्टा कसा झटकला, बोटं कशी धरली, सेठ नातवाची शपथ घेऊन कसा रडला. सेठ पण मीच झाले, बाबा पण मीच. शेवटी मी जो आकडा सांगितला तो खऱ्याच्या निम्मा होता. जीप हसून हसून हलली. ड्रायव्हरनं आरसा वळवून घेतला मला बघायला. "मानलं बापा दलालाले!" आजोबा म्हणाले आणि त्यांनी बाबांच्या गुडघ्यावर थाप मारली.

बाबा मागच्या फडक्याच्या फटीतून बाहेर पाहत होते. कापूस वेचून संपलेल्या पऱ्हाटीची शेतं मागं जात होती. त्यांनी आकडा दुरुस्त केला नाही, आणि ते हसलेही नाहीत.